क्रीम पफ फुगतात, मग बसतात: घरच्या ओटीजीत शू पेस्ट्री कशी जमवायची

प्रश्न थोडक्यात असा: ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) क्रीम पफ छान फुगतात, पण बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत चपटे होतात आणि आत ओलं, कच्चट राहतं. कृतीत चार अंडी लिहिली होती, ती सगळी घातल्यावर पीठ पातळ झालं. क्रीम भरल्यावर दोन तासांत कवच मऊ पडतं. अगदी सुरुवातीपासून नीट कसं करायचं?

तक्रारी तीन दिसतात, पण दुखणं एकच आहे: पाणी. शू पेस्ट्रीत, म्हणजे क्रीम पफच्या कवचाच्या पिठात, बेकिंग पावडर नसते, यीस्ट नसतं, अंड्याचा पांढरा फेस करून घातलेला नसतो. ती फुगते फक्त वाफेवर. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे-सतराशे पट होतं, आणि ती वाफ पिठाच्या लवचिक पडद्याला आतून ढकलते. म्हणून पीठात पाणी भरपूर हवं. पण फुगून झाल्यावर तेच पाणी भिंतींमधून निघून जायला हवं. किती पाणी घातलं, गॅसवर किती उडवलं, अंड्यांतून किती परत आलं, ओव्हनमध्ये किती बाहेर गेलं, एवढा हिशोब डोक्यात ठेवला तर कृती पाठ करावी लागत नाही.

अर्ध्या मापाचं प्रमाण देते, कारण २५-३० लिटरच्या ओटीजीत एका ट्रेवर दहा-बाराच पफ सुखाने मावतात. पाणी ६५ ग्रॅम, दूध ६० ग्रॅम, बटर ५५ ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, साखर अर्धा चमचा, मीठ चिमूटभर, आणि फेटून गाळलेली अंडी साधारण १२५ ग्रॅम. अंडी एवढी तयार ठेवायची, सगळी ओतायचीच असं नाही. बटर नेहमीचं पिवळं खारं असेल तर वेगळं मीठ नको. सगळं वजनावर घ्या. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल भरला यावरच दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे होतो, आणि ७५ ग्रॅमच्या मापात तेवढा फरक म्हणजे दुसराच पदार्थ.

दूध की पाणी? दुधाने रंग लवकर येतो, चव जरा भरीव होते आणि कवच मऊसर राहतं. नुसत्या पाण्याने कवच जास्त कुरकुरीत होतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात करत असाल तर दूध सरळ वगळा आणि १२५ ग्रॅम पाणीच घ्या. पुण्या-नाशिकच्या थंडीत अर्धं दूध चालतं.

आता गॅसवरचं काम. उकडीच्या मोदकांची उकड ज्यांनी काढली आहे त्यांना सुरुवात ओळखीची वाटेल: पाणी, स्निग्ध पदार्थ, मीठ उकळायचं, पीठ एकदम घालायचं, घोटायचं. फरक पुढे आहे. उकडीला आपण झाकण ठेवून दणदणीत वाफ आणतो, म्हणजे पाणी आत कोंडतो. इथे उघड्या पातेल्यात ती वाफ मुद्दाम घालवायची.

बटरचे लहान तुकडे करूनच पाण्यात टाका. मोठा गोळा टाकला तर तो वितळेपर्यंत पाणी उकळत राहतं आणि सव्वाशे ग्रॅमपैकी दहा-पंधरा ग्रॅम आधीच उडून जातं. बटर वितळलं आणि मधोमध खळखळून उकळी आली की गॅस बंद करा आणि चाळलेला मैदा एका दमात घाला. चमच्याचमच्याने नाही, नाहीतर पहिल्या चमच्याच्या गुठळ्या शिजून बसतात. लाकडी कालथ्याने जोरात घोटा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की पातेलं पुन्हा मध्यम आचेवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटं गोळा सतत दाबत, उलटत राहा.

चार अंड्यांनी पीठ पातळ झालं, त्याचं कारण बहुधा या दोन-तीन मिनिटांत आहे. आपल्याकडचं अंडं टरफलाशिवाय साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं. परदेशी कृतींतली अंडी बहुतेक याहून मोठी असतात. म्हणजे तशा कृतीतली चार अंडी इथे कमी पडायला हवी होती. तरी पीठ पातळ झालं, याचा अर्थ गोळा नीट सुकला नव्हता, पाणी आधीच जास्त होतं. अंड्यांवर आळ घेण्यात अर्थ नाही.

गोळा सुकल्याची खूण म्हणजे पातेल्याच्या तळाला पातळ पांढुरकी साय धरते, गोळा एकसंध आणि तुकतुकीत दिसतो, कालथा उभा केला तर क्षणभर उभा राहतो. नॉनस्टिक पातेल्यात ही साय नीट धरत नाही, म्हणून जाड बुडाचं स्टीलचं पातेलंच घ्या. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या आत ७५ ते ८० अंश सेल्सिअस दिसलं की पुरे. त्यापुढे ताणू नका. फार वेळ ठेवलं तर बटर फुटून कडेने तूप सुटतं, आणि तो गोळा पुढे अंडी नीट धरत नाही. ज्यांना हे वारंवार करायचं आहे, ऑर्डरी घ्यायच्या आहेत, त्यांनी आणखी एक करावं: रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा आणि गोळा तयार झाल्यावर पातेल्यासकट वजन करा. दर खेपेला गोळा सारखाच भरला तर अंडीही जवळपास सारखीच लागतात. अंदाजाचा खेळ तिथेच निम्मा संपतो.

गोळा दुसऱ्या भांड्यात काढा आणि वाफ निघून जाईपर्यंत हाताने किंवा मिक्सरच्या पॅडलने फिरवा. बोट टेकवता यावं इतपत, म्हणजे ५०-५५ अंशांपर्यंत, थंड होऊ द्या. ६० च्या वर अंडं घातलं तर पांढरं शिजू लागतं आणि पिठात बारीक कण दिसतात. अगदी गार होऊ देऊ नका, गार गोळ्यात अंडं मुरायला वेळ लागतो.

अंडी चार-पाच भागांत घाला. पहिल्या भागानंतर सगळं फाटल्यासारखं, निसरड्या तुकड्यांचं दिसेल. घाबरू नका, घोटत राहा, ते जुळून येतं. ८० टक्के अंडी गेली की थांबून तपासा. कालथा उचलला की पीठ सावकाश सरकून खाली यावं आणि टोकाशी त्रिकोणी शेपूट लोंबत राहावी. शेपूट तुटून धपकन पडली तर अजून घट्ट आहे, चमचाभर अंडं घाला. धार लागली तर पुढे गेलात. दुसरी परीक्षा बोटाची: पिठात बोटाने चर ओढा, चर हळूहळू मिटला पाहिजे. न मिटणारं पीठ ओव्हनमध्ये वेडंवाकडं फुटतं, लगेच मिटणारं पीठ ट्रेवर पसरतं. पातळ झालंच तर वरून कोरडा मैदा अजिबात घालू नका, तो न शिजलेलाच राहतो. निम्म्या मापाचा नवा गोळा बिनअंड्याचा शिजवा आणि पातळ पीठ त्यात थोडं थोडं मिसळत जा.

पायपिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १२ ते १४ मिलिमीटरचं नोझल, बॅग सरळ उभी, ट्रेपासून सेंटीमीटरभर वर, न हलवता दाबायचं, ४ सेंटीमीटरचे गोल, मध्ये तेवढंच अंतर. वरचं टोक ओल्या बोटाने दाबून टाका, नाहीतर तेच आधी करपतं. ट्रेला तुपाचा हात सढळ नको: तळ घसरतो आणि पफ पसरट होतात. ओव्हनमध्ये चालणारा पार्चमेंट कागद घ्या आणि चारी कोपऱ्यांखाली पिठाचा ठिपका लावून चिकटवा, म्हणजे पंख्याने उडणार नाही. किराणा दुकानात बटर पेपर म्हणून मिळणारा प्रत्येक कागद ओव्हनच्या उष्णतेचा नसतो, पाकिटावर बघून घ्या.

वरून गुळगुळीत, गोल पफ हवे असतील तर क्राकलँ लावा. नाव मोठं, काम सोपं: ब्राउन शुगर, मऊ बटर आणि मैदा प्रत्येकी ४० ग्रॅम मळून दोन कागदांमध्ये २ मिलिमीटर जाड लाटायचं, फ्रीझरमध्ये कडक करायचं आणि पफच्या मापाच्या चकत्या कापून कच्च्या पफवर ठेवायच्या. चकती वितळत वरचा पृष्ठभाग झाकते, त्यामुळे पफ एका बाजूने न फुटता सगळीकडून सारखा वर येतो. ओटीजीची उष्णता एकसारखी नसते, तिथे हा उपाय शोभेपेक्षा जास्त कामाचा आहे.

आता भाजणं, म्हणजे बसणाऱ्या पफांचं खरं कारण.

ओटीजीच्या चकतीवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक सहज असतो. आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर आणा, महाग नोझलच्या संचाआधी तोच आणा. ओव्हन २०० अंशांना निदान १५ मिनिटं तापवा. ट्रे मधल्या कप्प्याच्या एक पायरी खाली ठेवा, वरचा रॉड जवळ आला तर डोकं आधी रंगतं आणि आतलं तसंच राहतं. ट्रे आत गेला की तापमान १९० करा आणि २० मिनिटं दार उघडायचं नाही. या काळात वाफ आतून ढकलत असते आणि भिंती अजून ओल्या, लवचिक असतात. दार उघडलं की हवा थंड होते, वाफ पुन्हा पाणी होते, आतला दाब पडतो, भिंती पेलू शकत नाहीत.

बाहेर काढल्यावर पफ बसतात तेव्हाही हेच घडतं, फक्त उशिरा. आतली वाफ थंड होऊन आक्रसते आणि ओल्या भिंती आत ओढल्या जातात. भिंती सुकून कडक झाल्या असतील तर त्या जागच्या हलत नाहीत. म्हणून २० मिनिटांनी पफ फुगून सोनेरी दिसतात, त्या क्षणी ते झाले असं समजू नका. ते फुगलेत, सुकलेले नाहीत. तापमान १७० वर आणा आणि आणखी १२ ते १५ मिनिटं ठेवा. रंग सोनेरीच्या पुढे, तपकिरी व्हायला हवा. खास लक्ष भेगांकडे द्या: माथा तपकिरी पण भेगांच्या आत फिकट पिवळं असेल तर तिथे पाणी आहे. भेगाही रंगल्या पाहिजेत. आपल्याकडे फिकट भाजलेलं नाजूक आणि चांगलं समजतात. नानकटाईला ते ठीक आहे, इथे तीच समजूत पफ बसवते.

शंका असेल तर एक पफ बळी द्या. बाहेर काढून फोडा. आत दोन-चार मऊ धागे असतील तर हरकत नाही, पण चिकट ऑम्लेटसारखा थर असेल तर बाकीचे अजून पाच मिनिटं आत. मग ओव्हन बंद करा, प्रत्येक पफच्या तळाला सुरीच्या टोकाने छोटं भोक पाडा आणि दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवून दहा मिनिटं आतच राहू द्या. त्या भोकातून उरलेली वाफ निघते, आणि पुढे क्रीम भरायलाही तेच भोक कामी येतं. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवर करणाऱ्यांनी १० ते १५ अंश कमी ठेवावेत, पंख्यामुळे वरचा पापुद्रा लवकर धरतो. नुसत्या मायक्रोवेव्हवर हा पदार्थ होत नाही.

क्रीम शक्यतो आदल्या दिवशी करून ठेवावं. वरच्या मापाच्या पफांना पुरेल असं पेस्ट्री क्रीम: दूध ३०० मिलिलिटर, अंड्यांचे बलक ३, साखर ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २५ ग्रॅम, बटर २५ ग्रॅम, व्हॅनिला. दूध निम्म्या साखरेसह तापवा. बलक, उरलेली साखर आणि कॉर्नफ्लोअर विस्कने फेटा. गरम दूध थोडं थोडं त्यावर ओता, सगळं पुन्हा पातेल्यात घ्या आणि मध्यम आचेवर हात न थांबवता हलवा. दाट झालं की बहुतेक जण घाईने उतरवतात, अंडं फुटेल या भीतीने. तसं करू नका. बलकात स्टार्च तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. क्रीम फदफदून मोठे बुडबुडे आल्यावर मिनिट-दीड मिनिट शिजलं नाही तर ते विकर जिवंत राहतं आणि रात्रभरात फ्रीजमध्ये तुमचं दाट क्रीम पातळ करतं. कॉर्नफ्लोअर असल्यामुळे उकळीला अंडं फुटत नाही. उतरवल्यावर बटर आणि व्हॅनिला मिसळा, पसरट ताटात ओता, पृष्ठभागाला चिकटवून क्लिंग फिल्म लावा आणि लवकर थंड करा. खोल भांड्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि अंडं-दूध असलेल्या पदार्थाला ते धोक्याचं. फ्रीजमध्ये दोन दिवस. भरण्याआधी विस्कने घोटून मोकळं करा, थिजलेलं क्रीम तसंच बॅगेत भरलं तर गुठळ्या येतात.

हलकं हवं असेल तर दोन भाग पेस्ट्री क्रीमला एक भाग फेटलेली क्रीम अलगद मिसळा. टेट्रापॅकमध्ये मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमला शिखरं येत नाहीत, ३५ टक्क्यांची लागते. वनस्पती तेलाची व्हिपिंग क्रीम उभी राहते खरी, पण ती आधीच गोड असते आणि टाळूला तेलकट थर ठेवते, माझ्या वर्गात मी ती वापरू देत नाही. मे महिन्यात मिसळलेलं क्रीम टिकवायचं असेल तर थोडं जिलेटिन लागेल.

हापूस घालायचा मोह मे महिन्यात होणारच. रस तसाच घातला तर क्रीम सैल होतं. आधी पातेल्यात निम्मा आटवा, गार करा, मग घाला. देशी सारणांमध्ये चक्क्याचं घट्ट श्रीखंड झकास बसतं, कारण त्यातलं पाणी आधीच टांगून काढलेलं असतं. रबडी, खीर, बासुंदी नको. दिसायला छान, पण तासाभरात तळ भिजतो.

यातून तिसऱ्या तक्रारीचं उत्तर येतं. भरलेला पफ मऊ पडणारच, क्रीममधलं पाणी कोरड्या कवचात शिरतं. ते थांबवता येत नाही, लांबवता येतं. कवच पूर्ण सुकलेलं हवं आणि भरणं वाढण्याआधी तासभर, फार तर दोन तास. रिकामी कवचं हवाबंद डब्यात एक दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. भरण्याआधी १६० अंशांना पाच ते आठ मिनिटं तापवा आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. दमट हवेत कुरकुरीत निघालेली कवचं संध्याकाळपर्यंत नरम होतात, म्हणून हे पुन्हा तापवणं पावसाळ्यात सोडू नका. आतल्या बाजूला वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवला तर आणखी थोडा वेळ मिळतो. ऑर्डर पोचवायची असेल तर कवचं एका डब्यात, क्रीम थंड पेटीत बॅगेत, आणि भरणं तिथे जाऊन. भरलेले पफ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत, उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. प्रत्येक पफात २५ ते ३० ग्रॅम क्रीम बसतं, वजनाच्या काट्यावर एक-दोन भरून बघा, हाताला अंदाज येतो.

हेच पीठ १२-१४ सेंटीमीटर लांब ओढलं की एक्लेअर. त्याला बारीक दात्यांचं नोझल घ्या, कारण खाचांमुळे पृष्ठभाग पसरायला जागा मिळते आणि कडेला फाटत नाही. तळाला तीन भोकं पाडून भरा, दोन टोकांना आणि मध्ये. वरून १०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १०० ग्रॅम गरम क्रीमचं गनाश, कोमट असताना बुडवा. कडं करून भाजलं, आडवं कापलं आणि बदाम-हेझलनटच्या प्रालिनेचं (कॅरॅमलसोबत वाटलेल्या पेस्टचं) क्रीम भरलं की पॅरिस-ब्रेस्ट. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सायकल शर्यत १८९१ मध्ये सुरू झाली, तिच्या सन्मानार्थ मेझाँ-लाफितचे पेस्ट्रीवाले लुई द्युराँ यांनी १९१० मध्ये चाकाच्या आकाराची ही पेस्ट्री केली. घरी करायला एक्लेअरपेक्षा ती सोपी आहे, कारण कडं मोठं असल्याने सुकलंय की नाही ते कापल्यावर स्पष्ट दिसतं. कॅरॅमलने पफ चिकटवून उभा केलेला क्रोकांबूश मात्र जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर कुणी मागितला तरी घेऊ नका. कॅरॅमल हवेतलं पाणी शोषून तासाभरात चिकट होतं आणि मनोरा कलतो.

बिनअंड्याचे पफ होतील का, हेही नेहमी विचारलं जातं. बेकिंग पावडर आणि दही घालून केलेल्या कृती आहेत, त्या फुगतात, पण आत पोकळी होत नाही, पावासारखी जाळी होते. भिंत ताणून धरणारी आणि मग कडक करणारी प्रथिनं अंड्यातून येतात, मैद्यातल्या ग्लुटेनला हे एकट्याने झेपत नाही. घरात अंडं चालत नसेल तर खारीच्या पापुद्र्याचे तयार पफ शीट आणून त्यात कॉर्नफ्लोअर-दुधाचं बिनअंड्याचं क्रीम भरा. क्रीमसाठी ३०० मिलिलिटर दुधाला ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर पुरतं.